सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट (लिनक्स वेब सर्व्हर)

ज्या किल्लीचे प्रमाणपत्र, त्याच किल्लीची त्यावर सही, अशा सुरक्षा प्रमाणपत्राला सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणतात. किल्ली म्हणजे जोडीने येणारे दोन मोठे आकडे: सार्वजनिक किल्ली सर्वांना दाखवायची, खासगी किल्ली सर्व्हरवर गुप्त ठेवायची आणि तिनेच सही करायची. एचटीटीपीएस या ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्रातून देतो. त्यात सर्व्हरचे नाव, सार्वजनिक किल्ली, मुदत आणि देणाऱ्याची डिजिटल सही असते; हा साचा १९८८ सालच्या एक्स.५०९ मानकातून आला. एरवी ही सही सर्टिफिकेट अथॉरिटी (सीए), म्हणजे प्रमाणपत्रे देणारी त्रयस्थ संस्था, करते. इथे देणारा आणि घेणारा एकच असतो.

सरकारी अर्जाला जोडलेल्या स्वयंसाक्षांकित प्रतीसारखाच हा प्रकार: सही आहे, पण दुसऱ्या कोणाची साक्ष नाही. अशा प्रमाणपत्राने होणारे एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करणे) कच्चे असते हा समज मात्र चुकीचा आहे. किल्ली तेवढीच लांब असेल आणि टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या सुरक्षा नियमांची) आवृत्ती तीच असेल, तर ते विकतच्या प्रमाणपत्राइतकेच भक्कम असते. उणीव ओळखीची असते. वाटेत बसलेला कोणीही त्याच नावाचे दुसरे प्रमाणपत्र बनवून पुढे करू शकतो, आणि ब्राउझरला त्यातले खरे कोणते हे कळायला मार्ग नसतो. म्हणून तो इशारा देतो, आणि तो योग्यच असतो.

एका प्रमाणपत्रावर वरच्या प्रमाणपत्राची सही, त्यावर आणखी वरच्याची, अशी प्रमाणपत्रांची साखळी असते; तिच्या मुळाशी असेच स्वतः सही केलेले प्रमाणपत्र असते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाचे भारताचे मूळ प्रमाणपत्रही सेल्फ-साइन्डच आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या ई-पासपोर्टच्या चिपमधली माहितीही डिजिटल सहीने बांधलेली असते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या सहीची साखळी देशाच्या स्वतः सही केलेल्या मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. ते दुसऱ्या देशांकडे वेगळ्या, खात्रीच्या मार्गाने पोचवले जाते. सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राची सारी भिस्त याच पोचवण्यावर आहे.

नाशिकमध्ये याची खरी गरज पडते ती सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतल्यासारख्या अंतर्गत सर्व्हरना. उत्पादनाची नोंद, गेटपास, स्टोअरचा साठा दाखवणारे पान कारखान्याच्या लॅनवर (अंतर्गत नेटवर्कवर) १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालते. सार्वजनिक प्रमाणन संस्था अशा खासगी पत्त्याला प्रमाणपत्र देत नाहीत. उलट, इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळाला सेल्फ-साइन्ड वापरण्याचे आता कारण उरलेले नाही. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणन संस्थेची सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुली झाली आणि ती मोफत आहे.

प्रमाणपत्र तयार करण्याचे नेहमीचे साधन म्हणजे ओपनएसएसएल. त्याच्या एकाच आज्ञेत २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि प्रमाणपत्र दोन्ही तयार होतात. दिवस सांगितले नाहीत तर मुदत फक्त ३० दिवसांची मिळते. खासगी किल्लीला पासफ्रेज (ती उघडायचा परवलीचा शब्द) ठेवावी की नाही, यावर एक व्यावहारिक विचार आहे: रात्री वीज जाऊन आली तर अपाची हा वेब सर्व्हर पासफ्रेज विचारत थांबतो आणि सकाळच्या पाळीला पान उघडत नाही. म्हणून बहुतेक जण ती ठेवत नाहीत. तसे केल्यास किल्लीची फाइल रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीची आणि ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, असलीच पाहिजे.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक नावात होते. क्रोमने २०१७ मध्ये, ५८व्या आवृत्तीपासून, प्रमाणपत्रातला ‘कॉमन नेम’ हा नावाचा जुना रकाना पाहणे बंद केले. नाव ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यातच लागते. कामगार पान आयपी पत्ता टाकून उघडत असतील, तर तो पत्ता तिथे ‘आयपी’ प्रकारात लिहावा लागतो. ‘डीएनएस’ प्रकारात लिहिला तर प्रमाणपत्र दिसायला बरोबर असूनही इशारा जात नाही.

पुढचे काम सोपे आहे. उबुंटू-डेबियन या लिनक्स प्रणालींवर अपाचीचे एसएसएल मॉड्यूल सुरू करायचे, नाहीतर एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये किल्ली आणि प्रमाणपत्र या दोन फाइलींचे पत्ते द्यायचे, ४४३ पोर्ट फायरवॉलमध्ये उघडायचे, सेटिंग तपासून सर्व्हर रीलोड करायचा. ओपनएसएसएल मुदतीच्या वेळा जीएमटीमध्ये दाखवते, म्हणजे नाशिकच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. मदरबोर्डची बॅटरी संपून एखाद्या संगणकाचे घड्याळ मागे गेले, तर त्याला ते प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ असेच दिसते.

खरी कसोटी विश्वास जोडण्याची. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायची सवय लागू देणे हा सर्वांत वाईट मार्ग; तीच सवय उद्या बँकेच्या नकली पानावरही चालेल. योग्य रीत अशी: सर्व्हरवर बसून प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ ठसा (त्या प्रमाणपत्रावरून गणिताने निघणारी ओळखखूण) काढावा, आणि ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या ठशाशी त्याची ६४ अक्षरे समोरासमोर किंवा फोनवरून ताडून पाहावीत. जुळली तरच ते प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासू यादीत टाकावे.

इथे एक धोका दडलेला आहे. ओपनएसएसएलच्या मूळ सेटिंगने बनलेले सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्र स्वतःला ‘सीए’ म्हणवते. ते विश्वासू यादीत गेले आणि त्याची किल्ली चोरीला गेली, तर चोर त्या किल्लीने कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाचे प्रमाणपत्र काढू शकतो आणि तो संगणक ते मुकाट्याने मान्य करतो. म्हणून दोन-चारपेक्षा जास्त सर्व्हर असतील तर कारखान्याचे एक मूळ प्रमाणपत्र करावे, त्याची किल्ली नेटवर्कपासून तोडलेल्या जागी ठेवावी आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्रांवर तिने सही करावी. अँड्रॉइड फोनची गोष्ट वेगळी: सातव्या आवृत्तीपासून, वापरकर्त्याने टाकलेली मूळ प्रमाणपत्रे ॲप्स आपणहून मानत नाहीत, ॲप बनवणाऱ्यालाच तशी मुभा ठेवावी लागते.

सर्व्हर मोडीत निघाला की त्याचे प्रमाणपत्र सगळ्या संगणकांच्या यादीतून काढावे लागते. कोणतीही बाहेरची संस्था ते रद्द करायला येत नाही.