साठवणीच्या धान्यातले भुंगेरे : ओळख आणि बंदोबस्त

घरात साठवलेल्या धान्यात, पिठात, कडधान्यात, मसाल्यात, सुक्यामेव्यात जे बारीक तपकिरी-काळे किडे होतात त्यातले बहुतेक भुंगेरे असतात, म्हणजे पाठीवर कडक कवच असलेले कीटक. कुणी टोके म्हणतं, कुणी पोरकिडे, कुणी नुसतं 'कीड लागली'. लांबी बहुतेकांची 2 ते 4 मिमी. डब्यात जाळी धरली असेल, दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले असतील तर ते काम पतंगाच्या अळीचं, भुंगेऱ्याचं नाही.

ढोबळ दोन गट आहेत आणि पुढचा सगळा बंदोबस्त यावरच ठरतो, त्यामुळे किडा दिसल्या दिसल्या डबा ओतून टाकण्याआधी दोन मिनिटं नीट बघा. एका गटाची अळी अख्ख्या दाण्याच्या आत वाढते, तिथेच कोष करते, आणि आपल्याला दिसतो तो फक्त पूर्ण वाढून बाहेर पडलेला किडा. दुसरा गट बाहेर राहतो, पिठात, रव्यात, तुटक्या दाण्यांत आणि भुश्यात.

पहिल्या गटातला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे सोंडकिडा, तांदूळ, गहू, मका यांत होतो. डोक्यापुढे लांब सोंड असते, दुसरी काही खूण बघायचीच गरज नाही. तांदळातल्या सोंडकिड्याच्या पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके असतात आणि तो उडू शकतो. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव लावून भोक बंद करते, म्हणून वरून दाणा अगदी चांगला दिसतो. उबदार हवेत साधारण महिन्याभरात आतून नवा किडा बाहेर येतो. दाण्यांना वेडीवाकडी भोकं आणि डब्याच्या तळाला खूपच पीठ साठलेलं असेल, पण सोंड दिसत नसेल, किडा नळकांड्यासारखा आणि डोकं खाली दडलेलं असेल, तर तो धान्य पोखरणारा छोटा भुंगेरा.

कडधान्यातला भुंगेरा मात्र जवळून बघण्यासारखा आहे. दाण्याच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात ना, ती त्याची अंडी, सालीला घट्ट चिकटवलेली, धुतली तरी सहजी निघत नाहीत. अळी अंड्याच्या खालूनच थेट दाण्यात शिरते त्यामुळे ती बाहेर कधी दिसतच नाही. वाढ पूर्ण होत आली की सालीखाली एक गोल, जरा काळपट खिडकी दिसायला लागते, आणि मग किडा ती गोल झाकणी कापून बाहेर येतो. बाहेर आलेला किडा दाणा खात नाही, एक-दोन आठवडे जगतो, पण तेवढ्यात अंडी घालून मोकळा होतो. अख्ख्या कडधान्यालाच याचा जास्त त्रास, फोडलेल्या डाळीला कमी.

दुसऱ्या गटात पिठातला तांबडा भुंगेरा, चपटा, चकचकीत, वर्षभरही जगू शकतो. याच्या अंगातून निघणाऱ्या रसायनांमुळे पिठाला उग्र वास येतो आणि रंगही बदलतो. असं पीठ चाळून वापरायचा मोह होतो पण टाकून द्या, वास चाळल्याने जात नाही. दातेरी भुंगेरा इतका चपटा की पाकिटाच्या फटीतूनही आत शिरतो, मानेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा दात भिंगाखाली स्पष्ट दिसतात. मिरची, धणे, हळद अशा मसाल्यात आणि बिस्किटात होणारे कुबड काढलेले गोलसर किडे वेगळे, ते प्लास्टिकची पातळ पिशवी आरामात कुरतडतात.

आता बंदोबस्त. कीड लागलेला डबा सापडला म्हणजे काम झालं असं नाही, तो माल कुठून आला आणि शेजारी काय होतं ते बघावं लागतं. आधी प्रत्येक डबा, प्रत्येक अर्धवट पाकीट उघडून बघा. जे खूप किडलंय ते पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका. जे वाचवण्यासारखं आहे ते फ्रीझरमध्ये उणे 18 अंशाला किमान 4 दिवस ठेवा, मोठं पोतडं असेल तर आठवडाभर, कारण मधल्या दाण्यापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर ओल धरते. ओव्हनमध्ये पातळ पसरून 60 अंशाला तासभर ठेवलं तरी आतल्या अळ्यांसकट मरतात, पण पेरायचं बी असं तापवू नका. उन्हात घातल्याने वरचे किडे पळतात आणि धान्य कोरडं होतं, हा फायदा खराच, पण दाण्यातली अळी त्याने मरेलच असं नाही. कडुलिंबाचा पाला, तमालपत्र यांचंही तसंच, थोडेफार किडे दूर राहतील पण आधीच लागलेली कीड त्याने संपत नाही.

फळीच्या फटी, कोपरे, डब्याच्या झाकणाची खाच व्हॅक्यूमने साफ करा, कारण चिमूटभर सांडलेल्या पिठावरही तांबड्या भुंगेऱ्याचं भागतं. मग काचेचे किंवा धातूचे घट्ट झाकणाचे डबे, आणि नवा माल जुन्यावर ओतायचा नाही, आधी जुना संपवायचा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, धान्यातली कीड विषारी वायूने मारायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो माणसालाही मारतो, त्यावर उतारा नाही आणि शेजारच्या खोलीतही तो पसरतो. किड्यांचा स्प्रेसुद्धा खाण्याच्या डब्यात मारायचा नाही.

साफसफाईनंतर महिना-दीड महिना लक्ष ठेवा. तरीही रोज एखाद-दुसरा किडा खिडकीच्या काचेवर दिसत असेल तर मूळ अजून घरातच आहे, आणि ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या बाहेर सापडतं : पक्ष्यांचे दाणे, कुत्र्या-मांजराचं खाणं, वाळवलेल्या फुलांची सजावट, नाहीतर कपाटामागे पडलेलं एखादं जुनं पाकीट.