गुन्हेप्रतिबंध आणि सामुदायिक पोलिसिंग

गुन्हा घडण्याआधीच त्याची संधी किंवा कारण दूर करणे म्हणजे गुन्हेप्रतिबंध. हे काम पोलिसांनी एकट्याने न ठरवता त्या वस्तीतल्या रहिवाशांना सोबत घेऊन करण्याच्या पद्धतीला सामुदायिक पोलिसिंग म्हणतात. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात रहिवाशांशी संबंध सुधारले म्हणून चोऱ्या आपोआप कमी होत नाहीत, आणि चोऱ्या कमी झाल्या म्हणून पोलिसांवर विश्वास बसतोच असेही नाही.

लंडनमध्ये 1829 साली रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने महानगर पोलीस दल उभे राहिले, तेव्हा पहिल्याच सूचनांमध्ये गुन्हे रोखणे हे दलाचे मुख्य उद्दिष्ट सांगितले होते. पुढे मोटार, टेलिफोन आणि वायरलेस आले, पोलीस पायी फिरायचे थांबले आणि फोन आला की धावून जाणे हेच काम होऊन बसले. उरलेल्या वेळात गाडीतून इकडेतिकडे गस्त घातली की गुन्हेगारांना जरब बसते, असे गृहीत धरले जाई. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये हे गृहीतक तपासले गेले. 15 बीटचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या छोट्या भागांचे, तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त बंद करून फक्त कॉल आल्यावर गाडी पाठवली, दुसऱ्यात गस्त पूर्वीइतकीच ठेवली, तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांमध्ये किंवा लोकांच्या भीतीमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. नंतर अमेरिकेतल्याच न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा अभ्यास झाला. तिथेही गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचे मत सुधारले.

गस्त निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ती सगळीकडे सारखी पसरली की विरते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले कॉल तपासले तेव्हा जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आल्याचे दिसले. हा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मोजक्या ठिकाणी पोलिसांनी 10 ते 15 मिनिटे थांबावे, पायी फिरावे, दुकानदारांशी बोलावे आणि पुढच्या ठिकाणी जावे. यापेक्षा कमी थांबले तर धाक फार टिकत नाही, जास्त थांबले तर वाढीव वेळेचा लाभ घटत जातो. ठिकाणांचा क्रम रोज बदलायला हवा. ठरलेल्या वेळी येणारी गस्त सराईत चोर आठवड्याभरात पाठ करतो.

पोलीस कामकाजाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी 1979 मध्ये आणखी मूलभूत मुद्दा मांडला: एकेक घटना निकालात काढण्याऐवजी त्यांच्या मुळाशी असलेली समस्या हाताळावी. यातून पाहणी, विश्लेषण, कृती आणि मूल्यमापन ही चार टप्प्यांची पद्धत रूढ झाली. सर्वाधिक हेळसांड होते ती विश्लेषणाची. ‘घरफोड्या वाढल्या’ ही समस्या नव्हे, ती तक्रार आहे. ‘दुपारी 12 ते 4 या वेळेत, तळमजल्यावरची बंद घरे, मागच्या खिडकीचा गज वाकवून’ असे लिहिता आले तरच उपाय सुचतो. त्यासाठी फिर्याद नोंदवताना घर बंद केल्याची आणि चोरी लक्षात आल्याची अशा दोन्ही वेळा घ्याव्या लागतात. शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता बंद केलेले दुकान सोमवारी सकाळी 9 वाजता फुटलेले आढळले, तर चोरी त्या 63 तासांत केव्हाही झालेली असू शकते. नोंदीत मात्र ‘सोमवार सकाळ’ एवढेच राहते आणि गस्त चुकीच्या वेळी लागते.

एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याचा धोका पुढच्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि आसपासच्या घरांचाही धोका वाढतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथील कर्कहोल्ट वसाहतीत 1980च्या दशकात याच जाणिवेतून काम झाले. चोर घरातल्या नाणी टाकून चालणाऱ्या वीज व गॅसच्या मीटरमधले पैसे पळवत. ते मीटर बदलले. चोरी झालेल्या घराची कुलपे-कड्या लगेच मजबूत केल्या आणि लगतच्या सहा-एक घरांना तेवढ्याच घरावर नजर ठेवायला सांगितले. घरफोड्या मोठ्या प्रमाणात घटल्या. अख्ख्या वसाहतीला ‘सावध राहा’ सांगण्यापेक्षा सहा शेजाऱ्यांना एक नेमके काम देणे कितीतरी परिणामकारक ठरते.

‘इथे रोखले तर चोर दुसरीकडे जातील’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. पश्चिम जर्मनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सर्वच मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचे केले आणि मोटारचोऱ्या घटल्या. ब्रिटनमध्ये 1971 पासून ते फक्त नव्या मोटारींना आले, तर चोर जुन्या मोटारींकडे वळले. म्हणजे अर्धवट उपाय गुन्हा सरकवतो. पण 2009 मधल्या एका व्यापक आढाव्यात, गुन्हा इतरत्र सरकणे जितक्या वेळा दिसले, जवळपास तितक्याच वेळा शेजारच्या भागालाही फायदा झाल्याचे दिसले. म्हणून ‘सरकेल’ या भीतीने हातावर हात ठेवून बसणे चुकीचे आहे.

रहिवाशांच्या सहभागाचे मुख्य साधन म्हणजे बीट बैठक. शिकागोने 1993 मध्ये पाच पोलीस जिल्ह्यांत सुरुवात करून पुढे शहरभर, बीटनिहाय मासिक बैठका घेतल्या. त्या टिकण्याचे एक कारण असे की बंद दिवे, ओसाड इमारती, कचरा अशा तक्रारींवर पोलिसांमार्फत नगर प्रशासनाच्या इतर खात्यांकडून काम करून घेण्याची सोय होती. तरीही स्पॅनिशभाषक वस्त्यांचा सहभाग तुलनेने कमी राहिला. हा दोष जवळपास सगळीकडे आढळतो: बैठकीला घरमालक आणि वयस्कर मंडळी येतात, भाडेकरू, तरुण, रात्रपाळीचे कामगार, अल्पसंख्य समूह येत नाहीत, आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारी त्यांच्या गैरहजेरीत ‘वस्तीचे मत’ म्हणून नोंदल्या जातात. त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या ठिकाणी जाऊन बोलल्याशिवाय हे सुटत नाही. मागच्या बैठकीतल्या प्रत्येक मुद्द्याचे काय झाले, हे सुरुवातीलाच सांगावे; दोनदा उत्तर मिळाले नाही तर लोक तिसऱ्यांदा येत नाहीत. संशयितांची नावे बैठकीत कधीच विचारू नयेत, कारण सांगणाऱ्याला त्याच वस्तीत राहायचे असते. स्वयंसेवकांची मर्यादाही लेखी ठरवावी: पाहणे आणि कळवणे एवढेच त्यांचे काम. अडवणे, झडती घेणे, ओळखपत्र मागणे सुरू झाले की परका दिसणारा प्रत्येक माणूस संशयित ठरतो.

अशा उपक्रमांच्या आढाव्यांत समाधान आणि विश्वास वाढल्याचे दिसते, गुन्ह्यांवरचा परिणाम मात्र अल्प असतो. त्यामुळे बैठकांना समस्या सोडवण्याच्या वरील पद्धतीची जोड लागते. अंमलदाराची वारंवार बदली हा यातला सर्वांत मोठा अडथळा आहे. ओळख व्हायला महिने लागतात आणि बदलीच्या एका आदेशात ती जाते.

काही लोकप्रिय उपाय तर घातकच आहेत. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याच्या कार्यक्रमांनी त्यांच्या हातून होणारे गुन्हे उलट वाढल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. शाळांत पोलिसांनी दिलेल्या अमली पदार्थविरोधी व्याख्यानांचा टिकाऊ परिणाम आढळला नाही.

मूल्यमापनात नेहमीची चूक होते ती तुलनेची. मोहीम सहसा गुन्हे शिगेला पोहोचल्यावर सुरू होते. त्यानंतर आकडा काही प्रमाणात आपोआपच उतरतो आणि श्रेय मोहिमेला मिळते. म्हणून आधीच्या महिन्याशी नव्हे, तर आधीच्या निदान एका वर्षातल्या त्याच महिन्यांशी, मोहीम नसलेल्या तशाच एखाद्या भागाशी आणि लगतच्या पट्ट्याशी तुलना करावी. विश्वास वाढल्याने लोक पूर्वी न नोंदवलेले गुन्हेही नोंदवू लागतात. त्यामुळे नोंदींतली वाढ अपयश ठरवण्याआधी रहिवाशांचे स्वतंत्र सर्वेक्षण करावे लागते.