आवाजाने आवाज मारायचा, पण वेळेत

छोट्या विमानासाठी उलटा आवाज सोडून गोंगाट दाबणारा (नॉइज कॅन्सलिंग) हेडसेट घ्यायचा म्हटलं की एक शंका हमखास निघते. इंजिनाचा आवाज कानात येतोच आहे, त्यात हे यंत्र आणखी एक आवाज सोडणार, मग कानाला दुप्पट मार नाही का बसणार? नाही बसत. कानाच्या पडद्याला हवेचा एकूण दाब तेवढा कळतो. एक लाट दाब वाढवत असताना दुसरी तेवढाच कमी करत असेल, तर पडदा जवळपास जागचा हलत नाही.

पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं. वैमानिकांसाठीचा असा हेडसेट बाजारात यायला मात्र १९८९ उजाडलं. खरी मेख आहे वेळेची.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० स्फोट होतात. दोन पात्यांचा पंखा थेट जोडलेला असेल, तर त्याचेही ठोके ८०च. म्हणजे ८० हर्ट्झची घरघर, चार मीटरहून लांब लाट. ती हेडसेटची कानावरची हलकी वाटीच तिच्या कडेच्या मऊ गादीवर हलवते, त्यामुळे नुसता फोम तिथं फारसा कामाचा नाही. म्हणून वाटीतला मायक्रोफोन ही घरघर टिपतो, सर्किट ती उलटी करतं आणि स्पीकर ती परत सोडतो.

समजा, यात एक मिलिसेकंद उशीर झाला. ८० हर्ट्झची लाट साडेबारा मिलिसेकंदांची, आणि पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश, तेव्हा चूक साधारण २९ अंशांची. बेरीज करून पाहा: मूळ लाटेच्या निम्मी उरते, ६ डेसिबलची घट. आता तोच उशीर ५०० हर्ट्झला. तिथं लाटच दोन मिलिसेकंदांची, म्हणजे उशीर अर्ध्या लाटेचा आणि उलटी केलेली लाट पुन्हा सुलटी! दाब दुप्पट, ६ डेसिबलची वाढ. चूक ६० अंशांची झाली की फायदा शून्य, त्यापुढे तोटाच. खऱ्या सर्किटचा उशीर याहून पुष्कळ कमी असतो, पण स्पीकरचा पडदा हलायलाही वेळ लागतोच. त्यामुळे सर्किट उंच स्वरांच्या वाटेला जात नाही, ते फोमवर सोडतं.

तेव्हा खोक्यावर ‘इतके डेसिबल कमी’ असा एकच आकडा दिसला तर विचारा, कुठल्या हर्ट्झला? ‘संपूर्ण शांतता’ वगैरे जाहिरातवाल्यांची लोणकढी आहे.

चष्मा असेल तर तो घालूनच, इंजिन चालू असताना हेडसेट लावून बघा. जाड काडीने गादी जराशी उचलली जाते आणि त्या फटीतून नेमकी घरघरच आत शिरते. बॅटरी काढूनही रेडिओवरचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. गाण्यांचे हेडफोन इथं चालत नाहीत, त्यांना ओठांशी येणारा माइक नसतो. आणि हेडसेट विमानाला जोडायच्या पिना तपासा: छोट्या विमानांत सहसा दोन लागतात, हेलिकॉप्टरात एक.