रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून पालेभाजी बंद? नको!

आमच्या खानापूरच्या आत्याची हृदयाची झडप बदलली, वॉर्फरिन चालू झालं, आणि शेजारच्यांनी सांगितलं आता पालेभाजी बंदच, तर बिचारीनं दोन वर्षं मेथी, पालक, शेपू ताटात घेतलंच नाही की हो. हे चुकीचं आहे बघा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला लागतं, हाडांनाही लागतं, आणि ही गोळी नेमकं त्याचंच काम कमी करते, म्हणून डॉक्टर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून तुमच्या नेहमीच्या जेवणाला जुळेल असा डोस ठरवतात. घोळ होतो तो अचानक बदलानं. महिनाभर काही नाही आणि मग आठवडाभर रोज वाटीभर पालक, किंवा उलटं. साधारण तेवढीच भाजी खात राहा, बदल करायचा तर आधी डॉक्टरना सांगा. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना तर ही भाजीची अडचणच नाही.