मांसविरती नको, ‘जे’ म्हणा

थायलंडला निघालेल्या प्रत्येक शाकाहारी माणसाला कुणीतरी एक शब्द पढवून पाठवतं: ‘मांग्सविरत’. पढवणाऱ्याचा चेहरा खुललेला असतो, कारण शब्द आपलाच आहे. मांस अधिक विरती. संस्कृतातून तिकडे गेला, थाई तोंडात जरा घोळला, पण ओळखू येतो. त्याच्या शेजारी दुसरा एक शब्द असतो, ‘जे’. चिनी कुळीचा, एवढासा, ओळख ना पाळख. मग वहीत किंवा फोनमध्ये नोंद होते: ‘शाकाहारी म्हणजे मांग्सविरत किंवा जे’. त्या ‘किंवा’ने आजवर किती जणांच्या पोटात मासळीचं पाणी घातलंय, त्याचा हिशोब नाही.

मांग्सविरतवर फार वेळ घालवत नाही, तो तुम्हाला कळलेलाच आहे. मांस खात नाही, एवढंच तो शब्द सांगतो. अंडं चालतं, दूध चालतं, कांदा-लसूण चालतो. आपल्याकडे ‘मी व्हेज आहे, पण ऑम्लेट खातो’ म्हणणारा जो असतो, तोच तिकडचा मांग्सविरत.

‘जे’ची गोष्ट निराळी. मूळ चिनी शब्दाचा अर्थ व्रतस्थ राहणं, शुद्धी पाळणं असा. चाओचाऊ आणि होक्किएन बोलणारे चिनी लोक सयामात येऊन स्थिरावले, त्यांनी तो सोबत आणला. म्हणजे एक शब्द आहाराचा आणि दुसरा व्रताचा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकीकडे ‘शाकाहारी जेवण’ आणि दुसरीकडे ‘सोवळ्यातला स्वयंपाक’. सोवळ्यात नुसतं पानात काय वाढलं हे बघत नाहीत. भांडं कुठलं, पळी कुठली, फोडणीत काय पडलं, सगळं बघतात. इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा बसून सांगतो.

आत्याला घेऊन बँकॉकला गेलो होतो. यावरात म्हणजे तिथली चिनी वस्ती, संध्याकाळी सहानंतर अर्धा रस्ता गाड्यांनी भरलेला. आत्या माळकरी. मी तेव्हा नवशिका, मोठ्या आत्मविश्वासाने गाडीवरच्या बाईंना ‘मांग्सविरत’ म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि ‘फाक बुंग’ दाखवली. पोकळ देठाची, आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात ती. कढई तापून धुरावलेली. बाईंनी डुकराच्या मांसाची ताटली हाताने बाजूला सारली आणि आमच्याकडे बघून तळवा हलवला: हे नाही घालत, काळजी नको. आत्याने हात जोडले. मग ठेचलेला लसूण, मिरच्या, भाजीचा ढीग, भडकलेली ज्योत. पळीची कड साखरेच्या डब्यात, तीच कड आंबवलेल्या सोयाबीनच्या डब्यात, मग एका दाट काळ्या सॉसमध्ये, आणि शेवटी एका बाटलीतून तांबूस पाण्याची धार. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. आत्या म्हणाली, ‘काय खमंग वास सुटलाय रे.’ अर्धी ताटली संपल्यावर तिची नजर त्या बाटलीकडे गेली. बाटलीवर माशाचं चित्र होतं.

बाईंनी फसवलं का? अजिबात नाही. मी मांस नको म्हटलं, त्यांनी मांस घातलं नाही. ती धार होती ‘नाम प्ला’ची. बारीक मासळी आणि मीठ वर्ष-दीड वर्ष मुरवून गाळलेलं पाणी. थाई स्वयंपाकात ते मिठाच्या जागी असतं. भाजीत मीठ घातलं म्हणून भाजी मांसाहारी झाली असं आपण म्हणू का? तसंच त्यांचं. काळं दाट सॉस कालवांचं होतं, ‘नाम मान होय’. तोही त्यांच्या लेखी मसालाच. आपल्याकडे मटणाच्या पंगतीत एखादा म्हणतो ना, ‘मला पीस नकोत, नुसता रस्सा वाढ’, आणि स्वतःला शाकाहारी समजतो? मांग्सविरत म्हटल्यावर गाडीवर तुम्हाला नेमका तो नुसता रस्सा मिळतो.

यावर हुशार मंडळींचा तोडगा ठरलेला: ‘मग नाम प्ला घालू नका म्हणायचं.’ त्यासाठी ‘माय साय’ हे दोन शब्द आहेत, म्हणजे ‘घालू नका’. उपयोगी आहेत, शिकाच. पण ते कढईपुरते. जे तुमच्यासमोर पडणार आहे तेच अडवता येतं. हिरव्या करीचं वाटण सकाळीच तयार झालेलं असतं आणि त्यात बहुतेक वेळा ‘कापी’ असते, म्हणजे जवळा मिठात आंबवून केलेला गोळा. नूडल्सचं पाणी पहाटेपासून हाडांवर उकळत असतं. तळणीचं तेल कधी डुकराच्या चरबीचं असतं. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्ये निदान सुकी कोळंबी डोळ्यांसमोर खलात पडते, हात धरता येतो. वाटणातल्या कापीचं काय करणार? बाईंनी कितीही मनापासून मान डोलावली तरी ती आता निघत नाही.

‘जे’ म्हटलं की प्रश्नच बदलतो. तिथे वाटण वेगळं, पाणी भाज्यांचं आणि मशरूमचं, नाम प्लाच्या जागी सोयासॉस, कालवांच्या सॉसच्या जागी मशरूमचं सॉस. आणि महत्त्वाचं म्हणजे साध्या गाडीवर ‘जे’ मागितलं तर पुष्कळदा सरळ उत्तर येतं: ‘माय मी’, नाही. नवख्याला वाईट वाटतं. मला तो नकार गोड हसून डोलावलेल्या मानेपेक्षा दहापट प्रिय आहे. ‘माझी कढई त्या कामाची नाही’ हे समोरच्याला कळलंय, याची ती पावती असते.

बाकीचे फरक किरकोळ. जेमध्ये अंडं नाही, दूध नाही, कडक पाळणारे मधही खात नाहीत. तेव्हा दुधाचा थाई चहा जेमध्ये बसत नाही. कंडेन्स्ड मिल्क घातलेली केळ्याची रोटीही नाही, आणि तिच्यात अंडंही असतं. काही जण म्हणतात, म्हणजे जे म्हणजे व्हीगनच की. तेही नाही, कारण जेमध्ये पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याचा सगळा गोतावळा, ‘लाक कियाव’ नावाचा चिनी बुटका कांदा, ‘कुईछाय’ म्हणजे लसणासारख्या वासाची चपटी पात, आणि पाचवा चक्क तंबाखू. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फक्त कांदेनवमीसारखी सोय त्यांच्याकडे दिसली नाही.

जैन मित्रांसाठी मात्र इशारा. कांदा-लसूण नाही हे ऐकून ते निर्धास्त होतात. पण जेमध्ये बटाटा, मुळा, गाजर, अरवी, आलं सगळं बिनदिक्कत चालतं आणि मशरूम तर पावलोपावली. जे म्हणजे जैन नव्हे. आणखी एक गंमत: जे पाळणाऱ्यांतच कालवं चालतात की नाहीत यावर जुना वाद आहे, काही जण एका दंतकथेचा आधार देऊन चालतात म्हणतात. पिवळ्या झेंड्याखाली मला अजून कालव दिसलेलं नाही, पण माहीत असू द्या.

तो पिवळा झेंडा ही जेची खरी खूण. पिवळ्यावर लाल अक्षर, आणि नक्षीदार लिहिलेलं ते अक्षर इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसतं. थाई लिपी येत नसेल तर गाडीवर सतरा शोधा. दुकानातल्या बिस्किटांच्या नि चिप्सच्या पुड्यांवरही हीच खूण असते.

वर्षातून नऊ दिवस हे झेंडे रस्ताभर लागतात. चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नवमीपर्यंत. ओळखीचं वाटलं? बहुतेक वर्षी ही आपली शारदीय नवरात्रच असते. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला बसले. २०२५ साली मात्र चिनी पंचांगात अधिक महिना आला, त्यामुळे आपली घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली आणि त्यांचं जे सुरू झालं २१ ऑक्टोबरला. तिकीट काढताना आपल्या दिनदर्शिकेवर विसंबू नका. फुकेतला या उत्सवाचा मोठा थाट. १८२५ साली कथू गावात आलेली चिनी नाटकमंडळी आजारी पडली आणि हे व्रत करून बरी झाली, अशी तिथली कथा. गालातून सळया आरपार घालून निघणाऱ्या मिरवणुकींचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मला त्यापेक्षा यावरातच्या कढया आवडतात: अरवीचे तळलेले तुकडे, मुळ्याच्या वड्या, टोफू, आणि त्यावर चिंच, मिरची, दाण्याचा कूट घातलेली गोडसर चटणी. त्या चटणीत आपल्या माणसाला परकं काही सापडत नाही.

आता माझी तक्रार. जेच्या ठेल्यावर गव्हाच्या चिकाचं किंवा सोयाचं नकली बदक, नकली डुक्कर, कधी नकली मासाही टांगलेला असतो. थेट कातडीसारखं खरपूस. ते बघून आपली मंडळी किंचाळतात आणि शेजारच्या गाडीवर जाऊन निष्पाप दिसणारी भाजी घेतात, जिच्यात नाम प्ला असते. डोळ्यांवर भरवसा ठेवला की असं होतं. मला स्वतःला ते नकली बदक आवडत नाही, चिवट आणि तेलकट लागतं. मी साधा टोफू घेतो. पण ते खाऊन कुणाचं व्रत मोडत नाही, एवढं मान्य करा. आणि हो, लसणाशिवायचं थाई जेवण थोडं मिळमिळीत असतं, तेलही सढळ असतं. चवीला मांग्सविरत सरस, हे कबूल. पण चवीचा आणि खात्रीचा प्रश्न एकात कालवू नका.

अपवादही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मला तोंडघशी पाडेल. सांती असोक या बौद्ध पंथाची माणसं मांग्सविरत हाच शब्द वापरतात आणि तो कडक पाळतात. १९८५ ते १९९२ बँकॉकचे राज्यपाल असलेले चामलोंग सीमुआंग त्याच पंथातले. तेव्हा पाटीवर मांग्सविरत लिहिलेली खास खाणावळ असेल तर खुशाल बसा. मी बोलतोय ते मिश्र गाडीवर तोंडाने उच्चारलेल्या मांग्सविरतबद्दल.

उच्चारात मराठी माणसाला देवाने हात दिलाय. ‘जे’ हा जेवणातला जे, जहाजातला ज नव्हे. बाईमाणसाने म्हणायचं, ‘छन किन जे खा’; पुरुषाने, ‘फोम किन जे खाप’. किन म्हणजे खाणं. पहिलं वाक्य तर अर्धं मराठीच वाटतं, फक्त शेवटचा ‘खा’ आज्ञार्थी नाही, अदबीचा आहे. अंड्याला ‘खाय’, कोंबडीला ‘काय’. गोरे पर्यटक या दोन्हींत हमखास घोटाळा करतात, कारण त्यांना क आणि ख वेगळे ऐकू येत नाहीत. आपल्याला बाराखडीपासून येतात. अंडं नको असेल तर ‘माय साय खाय’. आई दुधावरची साय खाते, असं लक्षात ठेवा. आत्याने एकदा ऐकलं ते कायमचं पाठ झालं. जेच्या गाडीवर मात्र हे म्हणायचं नसतं. तिथे अंडं नसतंच, आणि विचारलंत तर बाई तुमच्याकडे असं बघतात, जणू तुम्ही देवळात नैवेद्याला मासे आहेत का विचारलंत.

व्हिएतनामला जाणार असाल तर जेचाच सख्खा भाऊ तिथे ‘चाय’ होऊन बसलाय. ‘कोम चाय’ म्हणजे शाकाहारी भात. त्यासोबत चहा मिळेल असं समजू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, तो जास्त मिळतो. तैवानमधल्या शाकाहारी दुकानांच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक असतं, आपल्याहून उलट्या दिशेचं. तिथल्या पुड्यांवर अंडंवालं, दूधवालं, दोन्हीवालं, कांदा-लसूणवालं आणि पूर्ण शुद्ध अशी पाच वेगळी नावं छापलेली असतात. थायलंडमध्येही असं झालं तर माझा हा सगळा खटाटोप वाचेल.

पुढच्या खेपेला आत्या स्वतःच गाडीपाशी गेली आणि म्हणाली, ‘छन किन जे खा.’ विकणाऱ्या मुलीने हात हलवून नाही म्हटलं आणि गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे पिवळा सतरा फडफडत होता. आत्याने अरवीच्या दोन पुड्या घेतल्या, एक तिथेच संपवली, आणि चटणीत हिंग हवा होता म्हणाली.