शीटवरचं बटण आणि वरच्या पट्टीतलं बटण

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांचे हिशेब एक्सेलवर करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मार्चच्या पगाराचं शीट 'मूव्ह ऑर कॉपी' करून एप्रिलच्या नव्या फाईलमध्ये आणलं, 'पगार काढा' हे बटणही सोबत आलं. ते दाबलं आणि मार्चची फाईल आपोआप उघडली! माझ्या बाबतीत तर मार्चचे आकडेच बदलले, आणि कामगारांना पगार वाटायच्या आदल्या संध्याकाळी ते लक्षात आलं.

बटण दाबलं की जो मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून ठरलेलं काम आपोआप करून घेणारा कोड, चालतो तो बटणात नसतो, बटणात फक्त त्याचा पत्ता असतो. शीट दुसऱ्या फाईलमध्ये गेलं तरी मॅक्रोचं मॉड्यूल, म्हणजे कोड लिहिलेलं पान, जुन्याच फाईलमध्ये राहतं आणि बटण तिकडेच बोट दाखवतं. बटणावर राइट क्लिक करून 'असाइन मॅक्रो' उघडा. नावाच्या आधी मार्चच्या फाईलचं नाव आणि उद्गारचिन्ह दिसलं, की दुखणं सापडलं. त्यातून कोडमध्ये 'धिस-वर्कबुक' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'मॅक्रो ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल', म्हणजे मार्चच. माझे आकडे तिथेच बिघडले. शीट कॉपी करण्यापेक्षा मार्चची अख्खी फाईल उघडून 'सेव्ह ॲज' करा. बटण आणि मॅक्रो दोन्ही बरोबर येतात. फक्त फाईलचा प्रकार एक्सएलएसएम (मॅक्रोसकट साठवणारा) ठेवा. एक्सएलएसएक्स निवडलात तर मॅक्रो गळून पडतो आणि बटण नुसतं शोभेला उरतं.

वरच्या पट्टीतलं, म्हणजे क्विक ॲक्सेस टूलबारवरचं बटण दिसायला तसंच, पण त्याचं घर वेगळं. एकाच फाईलपुरतं ठेवायची सोय आहे, पण एरवी ते त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या एक्सेलचं असतं आणि कुठलीही फाईल उघडा, तिथे हजर असतं. त्यातही पत्ताच असतो, म्हणून मॅक्रोची फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की 'मॅक्रो चालवता येत नाही' असा संदेश येतो. यासाठी असे मॅक्रो पर्सनल डॉट एक्सएलएसबी या फाईलमध्ये ठेवतात. ती एक्सेलबरोबर पडद्याआड उघडते. तिथल्या कोडमध्ये मात्र 'ॲक्टिव्ह-वर्कबुक' हवं, कारण 'धिस-वर्कबुक' म्हटलं तर ती लपलेली फाईलच धरली जाते.

या बटणाची मला जास्त धास्ती वाटते. समोर सुताच्या खरेदीची फाईल असो की हजेरीची, ते चालतं. चुकीच्या फाईलवर दाबलं गेलं तर कंट्रोल-झेड उपयोगाला येत नाही. मॅक्रोने शीट बदललं की मागे जायची वाट बंद होते. म्हणून 'ओळी पुसा' असलं काही त्या पट्टीत ठेवूच नये. रकान्यांची रुंदी, तारखेचा साचा, छपाईची मांडणी एवढंच तिथे बरं.

कॉम्प्युटर बदलताना पट्टीची मांडणी एक्स्पोर्ट करून नेता येते, पण त्यातून बटणंच जातात. पर्सनल डॉट एक्सएलएसबी एक्सएलस्टार्ट फोल्डरमधून वेगळी उचलून न्यावी लागते.