सेंद्रिय स्फटिकांचे प्रकाश-उत्सर्जन : स्फटिक-अभियांत्रिकीने नियंत्रण

सेंद्रिय रेणूची रासायनिक रचना जशीच्या तशी ठेवून, स्फटिकातील त्याची मांडणी आणि शेजारी बदलून त्याच्या प्रकाशाचा रंग, तीव्रता व टिकाव ठरवण्याचे तंत्र. विरल द्रावणात रेणू एकटा असतो, त्यामुळे तिथला रंग त्याचा स्वतःचा. घन अवस्थेत मात्र उत्तेजित रेणूची ऊर्जा शेजाऱ्यांमध्ये वाटली जाते आणि एकच पदार्थ दोन स्फटिकांत दोन रंगांनी चमकू शकतो.

पायरीन या चार वलयांच्या हायड्रोकार्बनमध्ये हे स्पष्ट दिसते. विरल द्रावणात ते ३७० ते ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या पट्ट्यात चमकते. स्फटिकात त्याचे रेणू जोडीजोडीने, सुमारे ३.५ अँगस्ट्रॉम (०.३५ नॅनोमीटर) अंतरावर समोरासमोर बसतात. उत्तेजित झालेला रेणू शेजाऱ्याशी मिळून एक्सायमर ही तात्पुरती जोडी बनवतो आणि उत्सर्जन ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या रुंद निळ्या पट्ट्याकडे सरकते. दाट द्रावणातील ही जोडी फोर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ मध्ये ओळखली.

मांडणीचा परिणाम आधी ताडण्यासाठी मायकेल काशा यांचे प्रारूप आजही पहिला आधार आहे. रेणूच्या संक्रमण-द्विध्रुवाची दिशा (प्रकाश शोषताना किंवा सोडताना विद्युतभार ज्या दिशेने हलतो ती) आणि रेणूंची केंद्रे जोडणारी रेषा यांतील कोन ५४.७ अंशांपेक्षा कमी असेल, म्हणजे रेणू घसरत्या पायऱ्यांसारखे रचलेले असतील, तर सर्वांत खालची उत्तेजित पातळी प्रकाशमान राहते (जे-रचना). कोन त्याहून मोठा असेल तर ती पातळी मंद होते (एच-रचना). रेणू फार जवळ आले की हे प्रारूप अपुरे पडते, कारण तिथे इलेक्ट्रॉन-ढगांची थेट सरमिसळ होते.

ही मांडणी हवी तशी घडवणे हे स्फटिक-अभियांत्रिकीचे काम. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले गौतम देसिराजू यांनी १९८९ च्या ग्रंथातून या शाखेला नीट चौकट दिली. हायड्रोजन बंध, हॅलोजन बंध (ब्रोमीन, आयोडीन यांसारख्या अणूंमार्फत होणारे आकर्षण) आणि वलयांची थर-रचना ही तिची मुख्य साधने. बहुरूपता (एकाच रेणूचे वेगवेगळ्या मांडणीचे स्फटिक) हा एक मार्ग, पण कोणते रूप मिळेल ते पूर्णपणे आपल्या हाती नसते. सहस्फटिकाचा (दोन वेगळे रेणू मिळून बनलेला एकच स्फटिक) मार्ग अधिक भरवशाचा, कारण त्यात शेजारी आपण निवडतो. केंब्रिजमधील विल्यम जोन्स यांच्या गटाने २०११ मध्ये स्टिलबीन-वर्गीय रेणूचा रंग केवळ सहघटक (स्फटिकातला दुसरा रेणू) बदलून बदलता येतो हे दाखवले.

सहघटकाची निवड हेतूवर ठरते. रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवायचे असेल तर ऑक्टाफ्लुओरोनॅप्थलीन घ्यावे. ते पायरीनच्या रेणूंमध्ये आलटूनपालटून बसते आणि एक्सायमर बनू देत नाही. रंग लाल बाजूकडे न्यायचा असेल तर इलेक्ट्रॉन ओढणारे १,२,४,५-टेट्रासायनोबेंझीन उपयोगी पडते. दाता, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देणारा सोबती रेणू, जितक्या सहज इलेक्ट्रॉन सोडतो तितकी उत्सर्जनाची ऊर्जा घटते. नॅप्थलीनची (डांबरगोळ्यांतील पदार्थ) आयनीभवन ऊर्जा (रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) सुमारे ८.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि टेट्रासायनोबेंझीनसोबतचा त्याचा सहस्फटिक निळा चमकतो. पायरीनची ७.४ आहे आणि त्याचा नारिंगी. निळ्या स्फटिकात थोडे पायरीन मिसळून पांढरा प्रकाशही मिळवला गेला आहे. ऊर्जा आपोआप खालच्या पातळीच्या जागांकडे वाहते, म्हणून पायरीनचे प्रमाण जरा वाढले तरी निळा भाग नाहीसा होतो.

ब्रोमीन व आयोडीन यांसारखे जड अणू रेणूला त्रिक अवस्थेत (प्रकाश सावकाश सोडणारी उत्तेजित अवस्था) ढकलतात. मिशिगन विद्यापीठातील जिनसांग किम यांच्या गटाने २०११ मध्ये ब्रोमीनयुक्त अल्डिहाइड त्याच्याच डायब्रोमो भाऊबंदाच्या स्फटिकात मिसळले. ऑक्सिजन-ब्रोमीन हॅलोजन बंधामुळे सामान्य तापमानाला हिरवा फॉस्फोरेसन्स (त्रिक अवस्थेतून येणारा प्रकाश) मिळाला. त्याची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) ५५ टक्क्यांपर्यंत होती.

पायरीनचा १:१ नारिंगी सहस्फटिक करण्यासाठी २०.२ मिलिग्रॅम पायरीन आणि १७.८ मिलिग्रॅम टेट्रासायनोबेंझीन (प्रत्येकी ०.१ मिलिमोल) अकीकाच्या खलात घेऊन सुमारे १० मायक्रोलिटर अॅसिटोनायट्राइल टाकून २०-३० मिनिटे घोटावे. रंग लवकर चढतो, पण घोटणे तिथेच थांबवू नये. चूर्णाच्या क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकाची मांडणी ओळखण्याची चाचणी) दोन्ही मूळ घटकांची शिखरे गेली आणि नवी आली, तरच सहस्फटिक झाला असे धरावे. एकल स्फटिकासाठी तेच प्रमाण कोमट विद्रावकात पूर्ण विरघळवून, गाळून, झाकणाला दोन-तीन बारीक छिद्रे पाडून काही दिवस न हलवता ठेवावे. हातमोजे आणि धूर-कपाट आवश्यक.

सर्वाधिक फसगत विद्राव्यतेत होते. एक घटक फार कमी विरघळत असेल तर तो एकटाच आधी बाहेर पडतो. अशा वेळी विद्रावक बदलावा किंवा जास्त विरघळणारा घटक थोडा अधिक घ्यावा. नॅप्थलीन उघड्यावर उडून जाते, त्यामुळे वजन करून ठेवून दिल्यास प्रमाण बिघडते. मोजमापासाठी स्फटिक कुटणेही धोक्याचे. डायफ्लुओरोबोरॉन अॅवोबेन्झोनसारखे पदार्थ नुसते रगडल्याने लाल बाजूकडे सरकतात आणि ठेवून दिल्यावर हळूहळू परततात. जाड स्फटिक स्वतःचाच प्रकाश शोषतो, त्यामुळे वर्णपटाची निळी कड कापली जाते व सरकण्याचा भास होतो. पातळ तुकड्यावर मोजून याची खातरजमा करावी.

अशुद्धी हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. अँथ्रासीनमध्ये टेट्रासीनचा अंश असला तरी हिरवा प्रकाश दिसतो. सिंगापूरमधील संशोधकांनी दाखवले की बाजारातील कार्बाझोलमधला (तीन वलयांचा नायट्रोजनयुक्त पदार्थ) एक समघटकच (तेच अणू, पण वेगळी जोडणी) दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या प्रकाशाला कारण होता. स्वतः संश्लेषित केलेल्या शुद्ध कार्बाझोलमध्ये तो प्रकाश फारच क्षीण निघाला. म्हणून उत्सर्जनाचे श्रेय मांडणीला देण्यापूर्वी घटक पुन्हा पुन्हा स्फटिकीकरणाने किंवा विभागीय वितळणाने (कांडीचा अरुंद पट्टा वितळवत पुढे नेऊन अशुद्धी टोकाला ढकलणे) शुद्ध करावेत आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या मालावर तोच प्रयोग करून पाहावा.